करार कुणी वाचला? लातूर जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, लातूर.

महोदय,



निलंगा तालुक्यात पाणी, वीज, एसटी, दवाखाना किंवा शाळा यांपैकी कोणत्याही सेवेविषयी तक्रार निघाली की चर्चा ठरलेल्या दोन वाटांपैकी एका वाटेने जाते. एका पक्षाच्या मते सरकारी यंत्रणा सुधारण्यापलीकडे गेली आहे, तेव्हा सारे खासगी कंपनीला देऊन मोकळे व्हावे. दुसऱ्या पक्षाच्या मते खासगी कंपनी लुटायलाच येते, तेव्हा जे काही बरेवाईट आहे ते सरकारकडेच राहू द्यावे. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु मराठवाड्याचा गेल्या सुमारे १४० वर्षांचा अनुभव तपासला असता असे दिसते की सेवेची मालकी कोणाकडे होती यापेक्षा ती कोणत्या अटींवर दिली गेली, त्या अटी लोकांसमोर होत्या का, आणि अटी मोडल्या गेल्यावर जाब विचारायला कोणते कार्यालय उरले होते, यांवर तिचे भवितव्य अधिक अवलंबून राहिले.

हा विषय मंत्रालयाऐवजी आपल्या समितीपुढे मांडण्यास कारण आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या २४३-झेडडी या अनुच्छेदानुसार जिल्ह्यातील पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे, हे जिल्हा नियोजन समितीचे काम आहे आणि समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडून आलेले असावेत, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीची ओळख लोकांना निधीवाटपाची बैठक एवढीच राहिली आहे. कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम खर्ची पडली आणि मार्चअखेर किती उरली, हाच तिचा बातमीयोग्य भाग असतो. त्यातच मार्च २०२२ नंतरची काही वर्षे जिल्हा परिषदेवर प्रशासक होता, म्हणजे ज्या चार-पंचमांशांतून समितीचे निर्वाचित सदस्य यायचे तो स्रोतच आटलेला होता. सेवा कोणी द्यावी यावर जिल्ह्यात विचार करण्यासाठी घटनेने नेमलेले हे एकमेव व्यासपीठ असताना तो विचार तेथे होत नाही, ही या पत्राची पहिली तक्रार आहे.

संज्ञांचा अर्थ आधी स्पष्ट केलेला बरा. ज्या सेवेवाचून नागरिकाचे सामान्य जीवन चालत नाही आणि जी ऐपत नसलेल्यालाही मिळाली पाहिजे असे समाजाने मान्य केले आहे, ती सार्वजनिक सेवा होय. अशा सेवांपैकी काहींना अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात, कारण एका गल्लीत दोन पुरवठादारांच्या जलवाहिन्या किंवा विजेच्या तारांचे दोन संच टाकणे कोणालाच परवडत नाही आणि त्यामुळे पुरवठादार एकच राहतो. किराणा मालाचे दुकान पसंत पडले नाही तर ग्राहक समोरच्या दुकानात जाऊ शकतो. नळाच्या ग्राहकाला ती मुभा नसते. स्पर्धेमुळे दर्जा आपोआप सुधारेल हा खासगीकरणाचा मुख्य युक्तिवाद अशा ठिकाणी लागू पडत नाही, आणि स्पर्धेची जागा करारातील अटींना घ्यावी लागते. म्हणून करार वाचणे हा येथे सोपस्कार राहत नाही, तोच ग्राहकाच्या हातातला एकमेव उपाय असतो.

करार लोकांपासून झाकून ठेवण्याची रीत या भागाला नवी नाही. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, आणि त्या संस्थानात १८८३ साली चांदा रेल्वे योजनेचा वाद उद्भवला होता. लंडनमध्ये भांडवल उभारणाऱ्या कंपनीला निजाम सरकारने २० वर्षे ५ टक्के व्याजाची हमी द्यावी, असा तो व्यवहार होता. हमी याचा अर्थ असा की रेल्वेला नफा झाला नाही तरी भागधारकांचे व्याज संस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे अखेरीस रयतेच्या साऱ्यातून, भागवले जाणार होते. सरोजिनी नायडू यांचे वडील आणि हैदराबादच्या महाविद्यालयाचे प्राचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी मुल्ला अब्दुल कय्यूम आदींसह या व्यवहाराच्या अटी जाहीर करून त्यांवर चर्चा व्हावी अशी मागणी केली, आणि तिचे उत्तर म्हणून चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले. ती रेल्वे पुढे १९३० साली संस्थानने विकत घेतली. आज अटी मागणाऱ्याला हद्दपार केले जात नाही, त्याला माहिती अधिकाराचा अर्ज भरायला सांगितले जाते, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे.

हमीची ती कल्पनाही नव्या रूपात परतली आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी वापरल्या जाणाऱ्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत बांधकामाच्या काळात सरकार खर्चाचा ४० टक्के भाग देते आणि उरलेला ६० टक्के भाग कंपनीने उभा करून तो सरकारकडून पुढील १५ वर्षांत हप्त्यांनी व्याजासह परत घ्यायचा असतो. लातूर जिल्ह्यातून जाणारा एक रस्ताही याच पद्धतीने झाला. रस्ता चांगला झाला आणि वेळ वाचू लागला, हे निर्विवाद आहे. मात्र असा रस्ता खासगी पैशातून झाला असे जेव्हा व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा पुढच्या १५ वर्षांच्या हप्त्यांचा उल्लेख गाळला जातो आणि तीन विधानसभा निवडणुकांपलीकडे जाणारा सार्वजनिक तिजोरीवरचा भार श्रोत्यांच्या हिशेबात येत नाही.

या जिल्ह्याला रेल्वे प्रथम मिळाली ती मात्र खासगी कंपनीकडून, हेही विसरता कामा नये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग सुरू केला, तो १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत गेला. लातूरच्या अडत बाजाराची भरभराट या मार्गाशी जोडलेली आहे; निजामाची रेल्वे लातूरला येण्याची वाट पाहिली असती तर ती पेठ कितपत वाढली असती हा प्रश्नच आहे. तथापि कंपनीने अरुंद मार्ग अरुंदच ठेवला, कारण कमी भांडवलात चालणारी स्वस्त रेल्वे हेच तिचे गणित होते, आणि मोठ्या मार्गावर जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च कंपनीच्या नव्हे तर व्यापाऱ्याच्या आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यावर पडत राहिला. १९५४ च्या १ जानेवारीला भारत सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. त्यानंतर मार्ग रुंद व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. म्हणजे कंपनीने मार्ग रुंद केला नाही आणि सरकारनेही दोन पिढ्या तो तसाच वापरला. दिरंगाईच्या बाबतीत दोन्ही मालक एकमेकांच्या तोडीचे ठरले.

या रुंदीकरणाचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात कळले. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर आणि पुढे ५० वाघिणींतून एका वेळी २५ लाख लिटर पाणी त्याच जुन्या बार्शी लाइटच्या, आता रुंद झालेल्या, मार्गाने आले. अरुंद मार्गावर हे शक्य झाले नसते. सरकारी यंत्रणेची क्षमता काय असू शकते याचा दाखला म्हणून ही रेल्वे नेहमी पुढे केली जाते आणि ते योग्यच आहे; परंतु ज्या शहराला रेल्वेने पाणी द्यावे लागते त्या शहराच्या पाणी नियोजनाचा दाखलाही तीच रेल्वे आहे, आणि मांजरेच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढत असताना पिण्याच्या पाण्याचा हिशेब कोणत्या कार्यालयात मांडला जात होता, हा प्रश्न तिच्यासोबत आला तसा तिच्यासोबत निघूनही गेला.

त्या उन्हाळ्याच्या आठ वर्षे आधी याच शहराच्या नळांवर एक प्रयोग होऊन गेला होता, ज्याची आठवण आपल्या समितीत फारशी निघत नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने उभारलेल्या लातूर पाणीपुरवठा योजनेचे व्यवस्थापन २००८ मध्ये १० वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाकडे देण्यात आले. अशा व्यवस्थापन करारात धरण, जलवाहिन्या आणि टाक्या सरकारी मालकीच्या राहतात, तर पाणी सोडणे, मीटर बसवणे, बिले देणे आणि वसुली करणे हे काम कंपनी करते. लातूरकरांना या कराराची ओळख मीटर आणि नव्या जोडणीच्या आकारातून झाली. लोकांनी कृती समिती स्थापून विरोध केला, काम रखडले, आणि करार मुदत पूर्ण न करताच गुंडाळला गेला. या विरोधाला काही लोकांनी विकासविरोध म्हटले. वस्तुतः मीटरला विरोध हा बहुतेकांच्या बाबतीत पैसे देण्यास विरोध नव्हता, कारण उन्हाळ्यात टँकरला आणि पिण्याच्या पाण्याच्या जारला हेच लोक नळपट्टीच्या कितीतरी पट पैसे मोजत असतात. ज्या नळाला आठवड्यातून मोजके दिवस पाणी येते त्यावर मीटर आधी बसावे आणि पाणी नंतर यावे, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. पाण्याची हमी कोणत्या कलमात आहे, हे करारावर सही होण्यापूर्वी भर सभेत वाचून दाखवले गेले असते तर वाद कदाचित झालाही नसता. किंवा अधिक लवकर झाला असता, आणि तेही हिताचेच ठरले असते.

छत्रपती संभाजीनगरचा अनुभव याहून ठळक आहे. तेथील वीजवितरण २०११ मध्ये फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे महावितरणकडून घाऊक वीज घेऊन ग्राहकांना पुरवण्याचा आणि वसुलीचा ठेका देऊन, एका कंपनीकडे सोपवले गेले, आणि थकबाकीच्या कारणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये ते महावितरणला परत घ्यावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शहराचा पाणीपुरवठा 'समांतर' जलवाहिनी योजनेच्या कराराखाली दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो करार रद्द केला. येथपर्यंतची हकीकत खासगीकरणाच्या विरोधकांना आवडणारी आहे. तिचा पुढचा भाग त्यांना तितकासा आवडणार नाही: जीवन प्राधिकरणामार्फत राबवण्याची नवी सरकारी योजना १,६८० कोटी रुपयांची ठरली, २०२० च्या डिसेंबरात तिचे भूमिपूजन झाले, आणि काम पूर्ण होण्याच्या आतच तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. जायकवाडीचे पाणी उशाशी असलेल्या शहराला दोन्ही मार्गांनी वर्षानुवर्षे कोरडे ठेवता येते, एवढे यातून सिद्ध झाले.

विमानतळाचा मासला थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद येथील पाच विमानतळ एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. या पट्ट्याची मुदत २१०४ पर्यंतची होती, म्हणजे त्यावर सही करणाऱ्यांपैकी कोणालाही मुदतअखेरीस काय साधले ते विचारता आले नसते. लातूरहून नियमित प्रवासी विमान मात्र वर्षानुवर्षे उडाले नाही. अर्थात निलंग्याच्या सामान्य माणसाला विमानाची निकड नाही, त्याला गावी जाणारी शेवटची एसटी सुटली की नाही याची काळजी असते, म्हणून मुख्य मुद्दा एसटीचा आहे.

सरकारी बससेवेचा इतिहास या भागात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा जुना आहे. मुंबई राज्यातील एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. परंतु निजामाच्या रेल्वेने त्याच्या १६ वर्षे आधी, १९३२ मध्येच, २७ गाड्यांनिशी रस्ते वाहतूक विभाग सुरू केला होता आणि देशातील सर्वांत आधीच्या सरकारी बससेवांत त्याची गणना होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या विभागाची तीन राज्यांत वाटणी झाली आणि मराठवाड्याचा वाटा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाला. निलंग्याचे आगार या वारशाचा भाग आहे.

एसटी चालते कशी, हे समजून घेतल्याशिवाय तिच्या खासगीकरणाची चर्चा निरर्थक ठरते. लांब पल्ल्याच्या आणि गर्दीच्या मार्गांवर जे चार पैसे उरतात त्यांतून आडवळणाच्या गावांच्या तोट्यातील फेऱ्या चालवायच्या, याला अंतर्गत अनुदान म्हणतात. भारमान, म्हणजे गाडीतील एकूण आसनांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण, पुणे किंवा मुंबईच्या गाडीत आणि मुक्कामी गाडीत सारखे असूच शकत नाही. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक रात्री तेथेच राहतात आणि पहाटे तीच गाडी महाविद्यालयात जाणारी मुले, बाजारकरी आणि दवाखान्याचे रुग्ण घेऊन तालुक्याला परतते. हिशेबवहीत ती तोट्याची असते, कारण तिच्यामुळे शिकू शकलेल्या मुलीचे शिक्षण महामंडळाच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. खासगी आरामगाड्या लांब पल्ल्याचे प्रवासी घेतात, काळी-पिवळी जीप जवळच्या पल्ल्याचे भरगच्च प्रवासी घेते, आणि एसटीला उरतो तो आडमार्ग, सवलतीचा प्रवासी आणि पावसाळ्यातील रस्ता. मग वर्षअखेरीस सांगितले जाते की एसटी तोट्यात आहे.

या तोट्यात शासनाचाही हात आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास देण्यात आला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत, गाड्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. मात्र सवलतीच्या रकमेची भरपाई राज्य शासनाने महामंडळाला करायची असते आणि ती वेळेवर न मिळाल्यास पगार, डिझेल आणि सुटे भाग यांवर गदा येते. दुसरीकडे तेच शासन महामंडळाकडून १७.५ टक्के प्रवासी कर घेते. निलंग्याच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून आपल्या रहिवासी स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या गाड्यांत पूर्ण मोफत प्रवास दिला आणि औराद शहाजानीसारख्या सीमेवरील गावात दोन्ही राज्यांच्या गाड्यांची तुलना रोजच होते. दोन्ही महामंडळे सरकारी, दोघांच्या या भागातील सेवेचे मूळ निजामाच्या त्याच बस खात्यात, तरी गाडीची अवस्था आणि फेऱ्यांची नियमितता यांत प्रवाशाला फरक दिसत असेल, तर तो मालकीचा फरक नाही, हे उघड आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप हा, इच्छा नसताना का होईना, खासगी पर्यायाची परीक्षा घेणारा प्रसंग होता. महिनोन्महिने बहुतांश गाड्या आगारांत उभ्या होत्या, खासगी वाहतुकीला पूर्ण मोकळीक होती, आणि स्पर्धेचा नियम खरा असता तर मोकळ्या झालेल्या प्रत्येक मार्गावर कोणीतरी गाडी घालायला हवी होती. मुख्य रस्त्यांवर तसे घडलेही. आडमार्गावर कोणी आले नाही, कारण तेथे कमाई नव्हती. त्या संपात दोष कोणाचा याविषयी मतभेद असतील. खासगी वाहतूकदार कोठे जातो आणि कोठे जात नाही याविषयी ते राहू नयेत.

आरोग्याच्या बाबतीत सरकार आणि खासगी यांची सरमिसळ इतकी झाली आहे की रुग्णाला आपण कोणाच्या दारात उभे आहोत हेच कळत नाही. २०१२ च्या जुलैमध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात नांदेड होते. तीच योजना आता महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेत निवडक खासगी आणि सरकारी रुग्णालयांत दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांचा खर्च शासन उचलते. शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या गरीब कुटुंबाला तिचा मोठा आधार आहे. पण ती बाह्यरुग्णाला, म्हणजे दाखल न होता औषध घेऊन घरी जाणाऱ्याला, उपयोगी पडत नाही. आणि मोठी खासगी रुग्णालये लातूर-नांदेडला असल्याने योजनेचा पैसाही तालुक्यातून तिकडेच वाहतो. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्या वेळी प्रशासनाकडून जे खुलासे झाले त्यांत बरेच रुग्ण खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत पाठवले गेले होते, असाही एक होता. हा खुलासा खरा मानला तर तो बचाव ठरत नाही, तो आरोपच ठरतो: पैसे संपेपर्यंत खासगी आणि प्राण जाताना सरकारी, अशी विभागणी झाली असेल, तर सरकारी रुग्णालयातील खाटा, परिचारिका आणि औषधे त्या हिशेबाने वाढवायला हवी होती. याच्या उलट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून खासगी कंपनीमार्फत चालते आणि तिच्याही तक्रारी असल्या तरी एक गोष्ट तिने साधली आहे: क्रमांक सर्वांना पाठ आहे, आणि हाक मारणाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत.

शाळांविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावोगावी पिवळ्या बसगाड्या फिरू लागल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट उतरले, हे आपणास ठाऊक आहे. पट उतरला म्हणून शिक्षक कमी आणि शिक्षक कमी म्हणून पट उतरला, हे चक्रही ठाऊक आहे. रिक्त पदांचा हा प्रश्न शाळांपुरता नाही: ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी पदे कंत्राटी पद्धतीने भरण्याची व्यवस्था करण्यात आली आणि तरुणांच्या संतापानंतर २० ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली. निर्णय गेला, पण रिक्त पदे जागच्या जागी राहिली.

या सर्व उदाहरणांपुढे तिसऱ्या प्रकारचे एक उदाहरण याच परिसराने घालून दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला, त्यात पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. ती घरे शासनाने ठेकेदारांकडून किंवा देणगीदार संस्थांनी बांधून दिली आणि आखीव रस्त्यांची, पसरट, जुन्या गावाची वीण उसवलेली ही वसाहत पुढे अनेक अभ्यासकांच्या टीकेचा विषय झाली. त्याच कार्यक्रमात कमी नुकसान झालेल्या, निलंगा तालुक्यातीलही, शेकडो गावांतील सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती मात्र वेगळ्या रीतीने झाली: पैसा शासनाने हप्त्याहप्त्याने दिला, तांत्रिक देखरेख सरकारी अभियंत्याने केली, काम घरमालकाने स्वतः करवून घेतले, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक नेमून हप्ता, साहित्य आणि बांधकाम यांची माहिती घरोघरी पोचवली गेली. येथे सरकार होते, सामाजिक संस्था होती, गवंडी आणि दुकानदार खासगी होते. वेगळेपण एवढेच होते की हप्ता किती, तो केव्हा मिळणार आणि त्यात काय बांधून व्हायचे, हे गावातल्या बाईला माहीत होते आणि चुकले तर कोणाला विचारायचे हेही.

याच आधारावर समितीकडे पुढील विनंत्या करण्यात येत आहेत. जिल्ह्यात सध्या चालू असलेले आणि यापुढे होणारे सार्वजनिक सेवांचे सर्व करार, मग ते पाणी, घनकचरा, रस्ते, रुग्णवाहिका, स्मार्ट मीटर किंवा एसटीच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांचे असोत, मराठीत, त्यांतील दर, मुदत, दंड आणि रद्द करण्याच्या कलमांसह, संबंधित ग्रामपंचायत व नगरपरिषदेच्या कार्यालयात कोणालाही वाचता येतील असे ठेवावेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती अर्जाची वाट न पाहता प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे, त्यासाठी नवा नियम लागत नाही. करार शासनाच्या वरिष्ठ पातळीवर झाला आहे, प्रत येथे उपलब्ध नाही, हे उत्तर समितीने स्वीकारू नये.

कोणतीही सेवा अकार्यक्षम म्हणून खासगी कंपनीकडे देण्याचा प्रस्ताव आला, तर त्यासोबत त्या विभागातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि देखभालीसाठी मागितलेला व मिळालेला निधी यांचा मागील पाच वर्षांचा तक्ता जोडण्याची अट समितीने घालावी. निम्मी पदे रिकामी ठेवून, देखभालीचे पैसे अडवून, मग यंत्रणा निकामी आहे असा निष्कर्ष काढणे, ही तपासणी नव्हे. तसेच करार मुदतीपूर्वी संपल्यास दुसऱ्या दिवशी पाणी कोण सोडणार, यासाठी जाणते अभियंते आणि पंपचालक सरकारी सेवेत कायम राखले जावेत. लातूर आणि संभाजीनगर या दोन्ही ठिकाणी सेवा अखेर सरकारी यंत्रणेच्याच गळ्यात परत आली, हे ध्यानात असावे.

निलंगा आगाराच्या ज्या फेऱ्या तोट्याच्या ठरतात त्यांची गावनिहाय यादी समितीने मागवावी, कोणती फेरी सामाजिक कारणासाठी चालू राहिली पाहिजे हे ग्रामसभांना विचारून ठरवावे, आणि तिची तूट भरून काढण्यासाठी शासनाकडून मार्गनिहाय रक्कम जाहीरपणे देण्याचा ठराव करावा. मुक्कामी गाडी बंद करायची असेल तर ती आगारप्रमुखाच्या एका सूचनेने बंद होऊ नये. ज्या मार्गावर खासगी वाहनाला परवाना द्यायचा तेथे सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची फेरी प्रवासी कमी असले तरी सोडण्याची अट परवान्यातच असावी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि त्याने दाखले व परवाने ठरावीक मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. जी सेवा ठेकेदारामार्फत दिली जाते तिच्याबाबतही तक्रार नोंदवण्याचे ठिकाण, उत्तराची मुदत आणि जबाबदार सरकारी अधिकाऱ्याचे पदनाम यांचा फलक प्रत्येक जलकुंभावर, वीज उपकेंद्रावर आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात लावावा, अशी शिफारस समितीने शासनाला करावी. ठेकेदार बदलला तरी ते पदनाम बदलू नये.

शेवटची विनंती सदस्यांच्या स्वतःच्या संदर्भातील असल्याने थोडी अवघड आहे. सरकारी सेवांचे नियोजन करणाऱ्यांपैकी किती जण त्या सेवा वापरतात, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तेथेच दिले जाते. समितीची पुढील बैठक लातूरऐवजी निलंग्यात घ्यावी, तिला येताना आणि जाताना शक्य त्या सदस्यांनी एसटी वापरावी, आणि बैठकीच्या विषयपत्रिकेवर वरील विनंत्या एक स्वतंत्र विषय म्हणून ठेवून त्यांवर झालेला निर्णय, मान्य असो वा अमान्य, कारणांसह इतिवृत्तात नोंदवून ते इतिवृत्त प्रसिद्ध करावे.

कळावे. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
निलंगा तालुक्यातील एक नागरिक